मैदानाची आखणी आणि प्रेक्षकाची जागा

क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड आणि रुंदी १० फूट असावी, असे ह्या खेळाचा नियम निक्षून सांगतो. यष्ट्यांची उंची, चेंडूचे वजन, बॅटची रुंदी ह्या साऱ्या गोष्टी त्याने इंचांत आणि औंसांत बांधून ठेवल्या आहेत. परंतु ज्या मैदानावर हा खेळ चालायचा ते केवढे असावे, गोल असावे की लांबट, ह्याविषयी जुने नियम मौन पाळतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी सीमारेषा किमान ६५ आणि कमाल ९० यार्डांवर असावी हे बंधन अगदी अलीकडचे. बेसबॉल ह्या अमेरिकन खेळाचेही असेच आहे. तेथे एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर ९० फूट ठरलेले. बाहेरचे मैदान मात्र ज्या त्या शहराच्या मर्जीवर सोडलेले. बॉस्टन शहरात १९१२ साली फेनवे पार्क हे मैदान तयार झाले, तेव्हा डाव्या अंगाला रस्ता आडवा आला. मैदान त्या बाजूस आखूड राहिले आणि पुढे तेथे ३७ फूट उंचीची भिंत उभी राहिली. ती भिंत खेळाला पोषक की मारक, ह्याचा वाद तेथील रसिकांत आजही रंगतो.

नियमाने जी जागा मोकळी सोडली, ती भरून काढण्याचे काम मग शहर करते. जमीन कोणाची, पैसा कोणाचा, बसणार कोण आणि कुंपणाबाहेर उभे राहणार कोण, ह्या प्रश्नांची उत्तरे मैदानाच्या आकारात उतरतात. मुंबई शहरातील क्रिकेटच्या मैदानांचा इतिहास पाहिला, तर ह्या विधानाची साक्ष पदोपदी मिळते.

मुंबईच्या किल्ल्यापुढे तोफांच्या माऱ्याला अडथळा राहू नये म्हणून इंग्रजांनी फार मोठी जागा मोकळी राखली होती. तिला एस्प्लनेड म्हणत. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने म्हणजे त्या विस्तीर्ण पटांगणाचेच उरलेले तुकडे होत. १८४८ साली पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला आणि पाहता पाहता एतद्देशीय पोरे ह्या पटांगणावर चेंडूफळी खेळू लागली. १८७५ साली युरोपियन लोकांचा जिमखाना निघाला. त्याच्या वाट्याला उत्तम हिरवळीचा राखीव भाग आला. उरलेल्या भागात शेकडो देशी खेळाडू दाटीवाटीने खेळत. पण त्या उरलेल्या भागातही युरोपियन मंडळींनी आपला पोलोचा खेळ आणला. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कोणत्या खळग्यात पडून कोठे उसळेल ह्याचा नेम राहत नसे.

तेव्हा ह्या खेळाडूंनी हाती लेखणी घेतली. १८८१ साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला. पोलो खेळणारे मूठभर आणि क्रिकेट खेळणारे शेकडो. शिवाय पोलोवाल्यांना दुसरीकडे जागा आहे, आम्हांला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. सरकारचा कौल एकदा ह्या बाजूला तर एकदा त्या बाजूला झुकला. ह्या झगड्याची हकीकत शापूरजी सोराबजी ह्या पारशी गृहस्थांनी १८९७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मैदानाच्या आखणीवरून रसिकांनी आणि खेळाडूंनी घातलेला हा मुंबईतला पहिला मोठा वाद म्हणावा लागेल. राष्ट्रीय सभेची स्थापना होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अर्जाचे मोल अधिक कळते.

वादाचा शेवट झाला तो मात्र अनपेक्षित रीतीने. समुद्र हटवून केनेडी सी फेसवर नवी जमीन तयार झाली होती. तिचे तुकडे पाडून सरकारने प्रथम पारशी, मग मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना दिले. एस्प्लनेडवर एकाच धुळीत खेळणारी मुले आता जातीजमातींच्या नावाने आखलेल्या, एकमेकांशेजारच्या मैदानांवर खेळू लागली. जागा मिळाली, पण ती कुंपणांसह मिळाली. पुढे ज्या तिरंगी, चौरंगी आणि पंचरंगी सामन्यांनी मुंबईला वेड लावले, त्यांतील संघांची विभागणी आणि ह्या भूखंडांची विभागणी एकाच धर्तीची होती.

कुंपणे केवळ जमातीजमातींमध्ये होती असेही नाही. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू हे आपल्या काळातले श्रेष्ठ डावखुरे गोलंदाज. तरुणपणी पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात ते मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी उभारायची आणि साहेबांना फलंदाजीचा सराव द्यायचा, हा त्यांचा दिनक्रम. पुढे त्यांच्या गोलंदाजीची गरज पडली तेव्हा पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले. मैदानावर ते साऱ्यांच्या बरोबरीने उभे राहत; चहाच्या सुट्टीत मात्र त्यांचा चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यातून येई. ज्या हातांनी खेळपट्टी तयार केली, त्या हातांना पॅव्हिलियनची पायरी बंद होती. १९११ साली हेच बाळू भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल हे चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधार झाले. मैदानाच्या नकाशावर न दिसणारी एक रेषा अशा रीतीने पुसट होऊ लागली. ती एका दिवसात पुसली गेली नाही.

भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या युरोपियन जिमखान्यावर झाला. लाला अमरनाथ ह्यांनी ११८ धावा काढल्या आणि मुंबईकरांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण ज्या जिमखान्यावर हा पराक्रम घडला, त्याचे सभासदत्व कोणाही हिंदी माणसाला मिळत नव्हते. तेव्हा आपले स्वतःचे, साऱ्यांना सामावून घेणारे क्रीडांगण असावे, ह्या कल्पनेने मूळ धरले. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था नोंदली गेली होती. तिचे चिटणीस अँथनी डिमेलो हे मोठे खटपटे गृहस्थ. त्यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न ह्यांचे मन वळविले. बॅकबेच्या भरणीतील सुमारे ९०,००० चौरस यार्ड जमीन यार्डाला साडेतेरा रुपये दराने मिळाली. मे १९३६ मध्ये पायाभरणी झाली आणि डिसेंबर १९३७ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले. क्लबाच्या इमारतीतच खेळाडूंच्या मुक्कामाच्या खोल्या होत्या. सज्जात उभे राहिले की समोर खेळ दिसे. इंग्लंडच्या लॉर्ड्स मैदानाचा आदर्श पुढे ठेवून उभारलेले हे क्रीडांगण देखणे होते, ह्याबद्दल दुमत नव्हते.

दुमत झाले ते खुर्च्यांवरून. पंचरंगी सामने ह्या नव्या मैदानावर आले आणि पहिल्याच वर्षी, म्हणजे १९३७ साली, हिंदू जिमखान्याने आपला संघ उतरविला नाही. आपल्या सभासदांसाठी मिळणाऱ्या जागा पुरेशा नाहीत, अशी जिमखान्याची तक्रार होती. पुढच्या वर्षी तो संघ परतला, पण ह्या प्रसंगाने एक गोष्ट उघड झाली. मैदान क्लबाचे होते; सामना मात्र शहराचा होता. क्लब म्हणणार, जमीन आणि इमारत आमच्या सभासदांच्या पैशाने झाली, तेव्हा पहिला मान त्यांचा. शहर म्हणणार, सामना आमच्या संघांचा आणि गर्दी आमची, तेव्हा जागा आमच्या. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते आणि म्हणूनच हा वाद मिटण्यासारखा नव्हता.

१९४८ पासून १९७३ पर्यंत ब्रेबोर्नवर कसोटी सामने झाले. नोव्हेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत वेंकटराघवन ह्यांना पंचांनी झेलबाद ठरविले. निर्णय चुकीचा असल्याची शंका आकाशवाणीच्या समालोचनातून व्यक्त झाली आणि प्रेक्षकांनी बरोबर आणलेल्या ट्रान्झिस्टरांवरून ती स्टँडभर पसरली, असे त्या वेळचे लोक सांगत. खुर्च्या जळाल्या, बाटल्या भिरकावल्या गेल्या. तेव्हाही लक्षात आले की मैदानावरचा प्रेक्षक हा आता पाहुणा राहिलेला नाही. तो ऐकतो, पडताळतो आणि आपला हक्क समजून बोलतो.

ह्यानंतर चार वर्षांनी जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. मुंबई क्रिकेट असोसिएशनला आपल्या संलग्न क्लबांसाठी अधिक तिकिटे हवी होती. क्रिकेट क्लबाला ती देणे मान्य नव्हते. १९३७ सालचाच हा झगडा, केवळ पक्ष बदललेले. असोसिएशनचे अध्यक्ष होते विदर्भातून आलेले शेषराव वानखेडे. ते त्या वेळी महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांनी हाकेच्या अंतरावर, चर्चगेट स्थानकालगत, दुसरे स्टेडियम बांधण्याचा निर्धार केला. शशी प्रभू ह्या तरुण वास्तुशिल्पकाराकडे आराखड्याचे काम आले आणि सुमारे तेरा महिन्यांत ते उभे राहिले.

मुंबईकर रसिकांत तेव्हा जो वाद पेटला, तो मोठा वाचनीय झाला असता, पण तो बव्हंशी लोकलच्या डब्यांत आणि इराण्याच्या टेबलांवर विरून गेला. ब्रेबोर्नच्या बाजूचे लोक म्हणत, एका मैलाच्या आत दोन स्टेडियमे हा पैशाचा अपव्यय आहे. जुन्या मैदानाचा ऐसपैसपणा, बागेसारखी शोभा नव्या काँक्रीटला कोठून येणार? नव्याच्या बाजूचे उत्तर देत, शोभा सभासदाने वेताच्या खुर्चीत बसून पाहावी. सामान्य माणसाला खेळ दिसला म्हणजे पुरे. नवे स्टेडियम रेल्वेचे रूळ आणि रस्ते ह्यांच्या मधल्या बेताच्या जागेत बसवायचे होते. त्यामुळे स्टँड उभ्या चढणीचे झाले, प्रेक्षक खेळाच्या जवळ आला, आणि त्याचा आवाज मैदानावर कोसळू लागला. उत्तरेकडच्या स्टँडमधील प्रेक्षकांचे खेळाचे ज्ञान आणि त्यांची तिखट जीभ ह्यांचा लौकिक पुढे देशभर झाला.

जानेवारी १९७५ मध्ये तेथील पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइड ह्यांनी नाबाद २४२ धावा केल्या. त्यांचे अभिनंदन करण्यासाठी एक तरुण कुंपण ओलांडून धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली आणि संतापलेल्या प्रेक्षकांनी कुंपणे मोडली. दिवसाचा उरलेला खेळ वाया गेला. सामान्य प्रेक्षकासाठी म्हणून बांधलेल्या स्टेडियमात पहिल्याच सामन्यात कुंपणावरून रण माजावे, हा योग विचार करण्याजोगा आहे. जागा वाढविणे सोपे असते; प्रेक्षकाला कसे वागवायचे हे ठरविणे त्याहून अवघड.

२०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे स्टेडियमचे रूप पालटले. नवी छते आली, प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची आली, आणि त्या सोयीपायी सुमारे ४५,००० ची क्षमता घटून ३३,००० च्या आसपास राहिली. हे काम चालू असताना, डिसेंबर २००९ मध्ये, कसोटी सामना तब्बल ३६ वर्षांनी पुन्हा ब्रेबोर्नवर गेला आणि वीरेंद्र सेहवाग ह्यांनी तेथे २९३ धावा केल्या. जुने भांडण त्या पाच दिवसांपुरते विसरले गेले. खुर्ची ऐसपैस झाली, पण खुर्च्या कमी झाल्या; हे बरे झाले की वाईट, ह्यावर रसिकांचे एकमत झालेले नाही आणि होण्याचे कारणही नाही.

ह्या दोन्ही स्टेडियमांपासून थोड्याच अंतरावर आझाद मैदान आहे. तेथे २२ खेळपट्ट्या इतक्या जवळजवळ आहेत की एका सामन्याचा सीमारक्षक दुसऱ्या सामन्याच्या स्लिपशेजारी उभा असतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ह्यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली, ती ह्याच मातीत. तेथे तिकीट नाही, पॅव्हिलियनची पायरी कोणाला बंद नाही, आणि जागेचा वाटा ज्याचा त्याने समजुतीने सांभाळायचा आहे.

१८८१ सालच्या अर्जदारांनी मागितले होते ते इतकेच. त्यांना राखीव कुंपण नको होते. सपाट जमीन हवी होती. नव्या क्रीडांगणांचे आराखडे आजही देशात ठिकठिकाणी तयार होत आहेत. सीमारेषा किती यार्डांवर असावी, छत कोणत्या द्रव्याचे असावे, ह्यांची उत्तरे तज्ज्ञ देतील. पण कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी, येथे कोण बसणार आणि कोण बाहेर राहणार हा प्रश्न कोणीतरी विचारला पाहिजे. मुंबईत तो वेळेवर विचारला गेला नाही, म्हणून हाकेच्या अंतरावर दोन स्टेडियमे उभी आहेत.