गावाच्या जंगलाची राखण : ग्रामसभा, ग्रामपंचायत आणि वन विभाग यांनी मिळून कशी करावी?

शिवाराला जंगल लागून असेल, तर त्या जंगलाची स्थिती हा तुमच्या शेतीचाच प्रश्न आहे. ओढ्याला उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकते का, जनावरांना चारा मिळतो का, मोहफुले, तेंदूपत्ता, हिरडा, बांबू यांतून चार पैसे हाती येतात का, हे सारे जंगलावर अवलंबून असते. वणव्यात पालापाचोळा, गवत आणि कोवळी रोपे जळतात. मग पहिल्या जोराच्या पावसात उघडी पडलेली माती वाहून खालच्या बंधाऱ्यात आणि शेतात येते.

एका वनरक्षकाकडे एक पूर्ण नियतक्षेत्र (बीट) असते. एकट्या माणसाला ते रोज फिरून राखणे शक्य नसते. गावातील माणसे मात्र रोज जंगलात जातात. कोण कुठे तोड करतो, आग कुठून सुरू होते, हे त्यांना सर्वांत आधी कळते. या दोघांची सांगड घालणारी व्यवस्था गावात असेल, तरच राखण टिकते. त्यासाठी कोणी काय करायचे, याची माहिती पुढे दिली आहे.

आधी समित्यांमधला फरक समजून घ्या

बऱ्याच गावांत जंगलासाठी तीन-चार समित्या कागदावर असतात. त्यांत नावे तीच असतात आणि काम कोणीच करत नाही. प्रत्येक समितीचे काम वेगळे आहे.

- वनहक्क समिती : वनहक्क कायदा, २००६ नुसार ग्रामसभा १० ते १५ सदस्यांची ही समिती निवडते. त्यांत किमान एक-तृतीयांश महिला असाव्या लागतात. दावे स्वीकारणे, जागेची पाहणी करणे आणि नकाशा तयार करणे हे तिचे काम.
- वन संरक्षण व व्यवस्थापन समिती : सामूहिक वनहक्क असलेल्या गावात नियम ४ (१) (ई) नुसार ग्रामसभा ही समिती नेमते. प्रत्यक्ष राखण, गस्त आणि व्यवस्थापन आराखडा ही तिची जबाबदारी.
- संयुक्त वन व्यवस्थापन समिती : वन विभाग आणि गाव यांची ही एकत्रित समिती आहे. राज्यात १९९२ च्या शासन निर्णयापासून या समित्या सुरू झाल्या. सामूहिक वनहक्क नसलेल्या गावांत राखणीचे काम मुख्यतः हिच्यामार्फत चालते.
- जैवविविधता व्यवस्थापन समिती : जैवविविधता कायदा, २००२ नुसार ही समिती ग्रामपंचायत स्तरावर असते. लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्यात तिचा सहभाग असतो.

तुमच्या गावात यांपैकी कोणत्या समित्या आहेत आणि त्यांची शेवटची बैठक कधी झाली, हे ग्रामपंचायत कार्यालयात विचारून घ्या. राखणीची जबाबदारी कोणत्या एका समितीकडे राहील, हे ग्रामसभेच्या ठरावात स्पष्ट लिहा.

सामूहिक वनहक्क कशासाठी?

वनहक्क कायद्यातील कलम ३ (१) (झ) गावाला परंपरेने राखलेल्या व वापरलेल्या जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देते. तेंदू, मोह, बांबू, मध यांसारख्या गौण वनोपजाची मालकीही याच कायद्याने मिळते. कलम ५ नुसार जंगल, वन्यजीव आणि पाणलोट यांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणजे हक्काबरोबर जबाबदारीही येते.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांमध्ये मेंढा आहे. पण गावाने राखण हक्काच्या कागदानंतर सुरू केली नाही. त्याआधी अनेक वर्षे गाव सर्वसहमतीने निर्णय घेत होते, अभ्यासगट चालवत होते आणि जंगल सांभाळत होते. बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा तो कारभार पेलण्याची सवय गावाला आधीच होती.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरवर हक्क मिळाला. या गावाने बांबूपासून रोजगार उभा केला आणि तेंदूपत्ता तोडणे मात्र बंद केले. तेंदूसाठी होणारी छाटणी आणि लावली जाणारी आग जंगलाचे नुकसान करते, हे त्यामागचे कारण. प्रत्येक गावाने तेंदू बंद करावा असे नाही. कोणत्या उत्पन्नासाठी जंगलाची किती झीज सोसायची, हे गावाने बसून ठरवले, हे यातून घेण्यासारखे आहे.

दावा करताना

१. ग्रामसभा गाव, पाडा किंवा टोला पातळीवर भरवा. गटग्रामपंचायतीच्या एकत्र सभेत लांबच्या टोल्यातील लोक, विशेषतः महिला, येत नाहीत.
२. वनहक्काच्या ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत. हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला हव्यात. सह्या आणि अंगठे त्याच वेळी घ्या.
३. सामूहिक वनसंसाधनाचा दावा नमुना ‘क’ मध्ये करा. निस्तार पत्रक, जुने नकाशे, वृद्धांचे जबाब, देवस्थाने, पाणवठे, चराईच्या वाटा हे पुरावे म्हणून चालतात. किमान दोन पुरावे जोडा.
४. सीमा ठरवताना शेजारच्या गावांना बोलवा. नंतरची बहुतेक भांडणे इथेच टळतात.
५. दावा उपविभागस्तरीय समितीकडे जातो आणि अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. उपविभागस्तरीय समितीचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. नामंजुरीची कारणे लेखी मागा.

राखणीचे नियम कसे करावेत?

नियम थोडे आणि पाळता येतील असे ठेवा. ठरावात पुढील बाबी असाव्यात.

- गस्तीची पाळी : दर दिवशी किती घरांतील माणसे जातील आणि कोणता भाग फिरतील. पाळीची वही ठेवा. पाळी चुकली तर बदली कोण देणार, हेही लिहा.
- चराई : जंगलाचे तीन-चार भाग करून एक भाग दोन-तीन वर्षे चराईसाठी बंद ठेवा. गवत कापून नेण्याची मुभा द्या. रोपे उंच झाली की तो भाग उघडा आणि दुसरा बंद करा.
- सरपण : वाळलेले, पडलेले लाकूड डोक्यावरच्या मोळीपुरते नेता येईल, असे ठरवा. सरपण पूर्ण बंद केले तर त्याचा भार महिलांवर पडतो आणि चोरून तोड सुरू होते. हा नियम महिलांच्या बैठकीतच ठरवा. बांधावर सुबाभूळ, शेवगा, बांबू लावणे आणि धूर कमी करणारी चूल वापरणे हे पर्याय त्याच बैठकीत मांडा.
- बाहेरची तोड : मोटारीने किंवा बैलगाडीने लाकूड नेताना कोणी दिसल्यास वनरक्षकाला लगेच कळवा. ठिकाण, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून ठेवा. कोणाला मारहाण करू नका. पंचनामा आणि जप्ती हे वन अधिकाऱ्यांचे काम आहे. गावाने साक्षीदार म्हणून उभे राहावे.

वणवा : वर्षातील खरी परीक्षा

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. आपल्याकडे बहुतेक वणवे माणसाकडूनच लागतात. मोहाखालचा पाला जाळणे, तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून आग लावणे, बांधावरचे गवत पेटवणे, शिकार आणि फेकलेली विडी ही नेहमीची कारणे आहेत. म्हणून तयारी आग लागण्याआधीच करावी लागते.

*डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य*
- वन विभागासोबत जाळरेषा साफ करा. शेत आणि जंगल यांच्या सीमेवरही गवत कापून मोकळा पट्टा ठेवा.
- वणवा पथकातील तरुणांची नावे आणि फोन क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.
- भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश मोबाइलवर पाठवते. सरपंच, समितीचे अध्यक्ष आणि पथकप्रमुख यांची नोंदणी करून घ्या.

*मार्च ते मे*
- मोहफुले वेचण्यासाठी पाला जाळू नका. झाडाखालची जागा झाडून घ्या किंवा जुन्या साड्या, जाळ्या अंथरा. फुले स्वच्छ मिळतात, त्यामुळे विकतानाही फायदा होतो.
- तेंदूसाठी आग लावण्याऐवजी झुडपे जमिनीलगत छाटा.
- धसकट, काडीकचरा जाळू नका. त्याचे कंपोस्ट करा किंवा आच्छादन म्हणून वापरा. भातपट्ट्यात राब भाजायचाच असेल, तर भोवतीचे गवत आधी काढा, वारा पडलेला असताना भाजा आणि आग पूर्ण विझेपर्यंत जागा सोडू नका.

*आग लागल्यावर*
- वनरक्षकाला आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.
- एकट्याने जाऊ नका. सुती कपडे आणि पायात बूट घाला. नायलॉनचे कपडे टाळा, ते अंगाला चिकटून जळतात.
- आग चढाकडे वेगाने सरकते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला थांबू नका. बाजूने आणि मागून, हिरव्या फांद्यांनी झोडपत पुढे जा. वन विभागाकडे ब्लोअर असल्यास पाला बाजूला सारण्यासाठी वापरा.
- समोरून दुसरी आग लावून वणवा रोखण्याचा प्रयत्न प्रशिक्षित वन कर्मचाऱ्यांशिवाय करू नका.
- आग विझल्यावर धुमसणारे ओंडके तपासा. रात्रीच्या वाऱ्याने ते पुन्हा पेटतात.

ग्रामपंचायतीने काय द्यावे?

निर्णय ग्रामसभेचा असला, तरी पैसा आणि कागदपत्रे यांसाठी ग्रामपंचायतीची साथ लागते.

- ग्रामपंचायत विकास आराखड्यात जंगल राखणीसाठी स्वतंत्र बाब धरा. पथकाच्या विजेऱ्या, बूट आणि पाण्याच्या कॅनसाठी थोडी रक्कमही पुरते.
- समतल चर, वनतळी, रोपवाटिका ही कामे रोजगार हमीच्या आराखड्यात वेळेत नोंदवा. यातून उन्हाळ्यात गावातच मजुरी मिळते.
- अनुसूचित क्षेत्रातील गावांनी पेसाच्या ५ टक्के अबंध निधीतून वनसंवर्धनाचे काम घेता येईल का, हे ग्रामसभेत ठरवावे.

उत्पन्न आणि हिशोब

गडचिरोली, गोंदिया भागातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करतात. विक्री करताना व्यापाऱ्याशी लेखी करार करा, आगाऊ रक्कम घ्या आणि उरलेले पैसे कोणत्या तारखेला मिळतील ते करारात लिहा. माल गोदामातून हलण्याआधी पैसे पूर्ण मिळावेत, अशी अट ठेवा. ग्रामसभेचे स्वतंत्र बँक खाते उघडा आणि सह्यांचा अधिकार किमान दोघांना द्या, त्यांत एक महिला असावी. उत्पन्नाचा ठरावीक भाग राखणीसाठी बाजूला काढा. जमा-खर्च वर्षातून दोनदा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. हिशोबावर संशय आला की सर्वांत आधी गस्त बंद पडते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात गेल्यावर या पाच गोष्टी पाहा.

१. गस्तीच्या वहीतील शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे?
२. समितीतील महिला बैठकीत बोलतात, की फक्त सह्या करतात?
३. मंजूर हक्काची प्रत आणि नकाशा गावात आहे का?
४. वनरक्षक आणि समिती वर्षातून किमान दोनदा एकत्र जंगल फिरले का?
५. गेल्या हंगामात किती ठिकाणी आग लागली आणि कारण काय निघाले?

पहिल्याच वर्षी सर्व काही जमवण्याचा आग्रह धरू नका. येत्या हिवाळ्यातील ग्रामसभेत फक्त दोन ठराव घ्या : वणवा पथक आणि एका भागात चराईबंदी. पुढच्या पावसाळ्यानंतर बंद ठेवलेल्या भागात गावाला फिरवून आणा. तिथले गवत आणि नवी रोपे पाहिली की पुढचे ठराव घेणे सोपे जाते.