रिकाम्या जागेचा इतिहास : सातारा-सांगली परिसरातील मराठी दस्तऐवज आणि संगणकीय शुद्धीकरण

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात साधनांना पहिले स्थान असते. साधन म्हणजे लिहिलेला मजकूर असे आपण गृहीत धरतो; परंतु दोन शब्दांमधील न लिहिलेली जागाही अर्थ ठरवीत असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. संगणकावर टंकलिखित केलेल्या शेकडो मराठी फाइलींमध्ये आज जागोजागी अनावश्यक रिकाम्या जागा आढळतात. दोन शब्दांत तीन-तीन स्पेस, स्वल्पविरामाच्या आधी स्पेस, प्रत्यय शब्दापासून तुटलेला, ओळीच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा असे त्यांचे प्रकार आहेत. अशा सर्व फाइली एकत्रितपणे स्वच्छ करण्याचे काम वरवर पाहता केवळ तांत्रिक स्वरूपाचे वाटते. प्रत्यक्षात या रिकाम्या जागांना लेखनपरंपरेचा दीर्घ इतिहास आहे आणि तो लक्षात न घेता केलेले शुद्धीकरण साधनाचीच हानी करू शकते. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या जिल्ह्यांतील दस्तऐवज-परंपरेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मोडी : जागा नसलेले लेखन

मोडी लिपीत लेखनिक प्रथम कागदावर आडवी शिरोरेषा ओढीत असे आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जाई. शब्द संपला म्हणून जागा सोडण्याची पद्धत नव्हती. विरामचिन्हेही नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि धावत्या हातात अनुस्वार अनेकदा गळून जाई. ही केवळ मराठीचीच रीत होती असे नाही. प्राचीन लॅटिन लेखनही बराच काळ सलग होते. सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधील लेखनिकांनी शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत रूढ केली आणि ती हळूहळू युरोपभर पसरली. संस्कृत पोथ्यांतही शब्द एकमेकांस जोडून लिहिले जात. सलग लेखन वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला त्यात अडचण वाटत नसे.

अडचण निर्माण झाली ती लिप्यंतर करणाऱ्यासमोर. मोडीतील सलग अक्षरे देवनागरीत आणताना शब्द कोठे तोडावयाचा, हे त्यालाच ठरवावे लागते. उदाहरणादाखल ‘रक्कमदेऊनये’ ही अक्षरमाला घेऊ. ती ‘रक्कम देऊ नये’ अशी तोडली तर मनाई होते. ‘रक्कम देऊन ये’ अशी तोडली तर आज्ञा होते. ‘पुढेजाऊनका’ यातही ‘जाऊ नका’ आणि ‘जाऊन का’ असे दोन अर्थ दडलेले आहेत. मागचा-पुढचा संदर्भ, पत्र लिहिणारा व घेणारा यांचे नाते आणि त्या काळची भाषा यांचे ज्ञान असेल तरच योग्य तोड साधते. म्हणजेच छापील साधनग्रंथातील प्रत्येक रिकामी जागा हा संपादकाचा एक निर्णय असतो. ती मूळ कागदावर नसते.

सातारा-सांगलीतील साधनसंपादन

या दृष्टीने सातारा-सांगली परिसराचे स्थान महत्त्वाचे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तो वाई येथे मिळालेल्या कागदपत्रांच्या आधारे. या मालेचे एकूण २२ खंड निघाले. मिरज येथे संस्कृतचे शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातील पत्रे वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून सिद्ध केला. साताऱ्यात दत्तात्रेय बळवंत पारसनीस (१८७०-१९२६) यांनी कागदपत्रांचा व चित्रांचा मोठा संग्रह उभा केला. तो पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेला. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले, त्यांतही या दोन्ही जिल्ह्यांशी संबंधित मजकूर मोठ्या प्रमाणावर आहे.

या संपादकांजवळ संगणक नव्हता. त्यांनी डोळ्यांनी वाचून, हाताने नक्कल करून शब्द तोडले. आज त्यांचेच ग्रंथ आणि अजून अप्रकाशित असलेले कागद संगणकावर टंकलिखित होत आहेत. त्यामुळे मूळ लेखनिक, संपादक, जुळारी, टंकलेखक आणि संगणक अशा पाच हातांतून गेलेला मजकूर आपल्यापुढे येतो. प्रत्येक हाताने आपल्या परीने जागा सोडलेली असते.

खिळे आणि टंकलेखनयंत्र

मुद्रणकलेने मराठी वाचकाला शब्दांमधील जागेची सवय लावली. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८१० मध्ये प्रसिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश मोडी टाइपांत छापला होता. कोशात प्रत्येक शब्द स्वतंत्र ठेवावाच लागतो. त्यामुळे सलग लिहिली जाणारी मोडीही येथे तुटक झाली. पुढे देवनागरी, म्हणजे बाळबोध, मुद्रणात रूढ झाली आणि शब्दागणिक जागा सोडणे हा नियम बनला.

छापखान्यात रिकामी जागा ही शिशाची वस्तू होती. अक्षरांच्या खिळ्यांपेक्षा उंचीने कमी असलेले, शाई न लागणारे तुकडे जुळारी शब्दांच्या मध्ये बसवीत असे. ओळ दोन्ही बाजूंनी सारखी भरावी म्हणून तो कमी-अधिक जाडीचे तुकडे वापरी. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथून १९२० मध्ये सुरू झालेले ‘किर्लोस्कर’ आणि त्यानंतरची ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके याच खिळ्यांच्या युगातील होत. असे पान आज स्कॅन करून संगणकाकडून अक्षरे ओळखून घेतली, तर ओळ भरण्यासाठी टाकलेली रुंद जागा कधी दोन स्पेस म्हणून उतरते, तर जोडाक्षरातील बारीक फटही शब्दतोड म्हणून नोंदली जाते.

टंकलेखनयंत्राने आणखी एक सवय दिली. यंत्रावर प्रत्येक अक्षरास व प्रत्येक मोकळ्या जागेस सारखीच रुंदी असे. त्यामुळे शीर्षक मध्यभागी आणण्यासाठी, रकाने जुळविण्यासाठी आणि परिच्छेदाची सुरुवात दाखविण्यासाठी पट्टी मोजून दाबावी लागे. इंग्रजी टंकलेखनात पूर्णविरामानंतर दोन जागा सोडण्याची रीत होती. हीच बोटे पुढे संगणकाच्या कळफलकावर आली. २००१ पासून एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी संगणकाचा परिचय गावोगाव पोहोचविला, तरी टंकलेखनाची जुनी वळणे टिकून राहिली.

फाँटचे युग आणि युनिकोड

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ महाविद्यालये, छापखाने व कार्यालये यांतून श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींचे फाँट वापरले गेले. या फाँटमध्ये अक्षराचा केवळ आकार मराठी असे. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजी संकेतांचाच होता. ऱ्हस्व वेलांटी दिसते त्याप्रमाणे अक्षराच्या आधी साठविली जाई. युनिकोडमध्ये मात्र ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर साठविली जाते. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत झाला होता. मोडीला स्थान २०१४ मध्ये मिळाले.

जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलताना परिवर्तकाला वेलांटी उचलून अक्षराच्या मागे ठेवावी लागते. वेलांटी आणि अक्षर यांच्यामध्ये चुकून एखादी स्पेस पडली असेल, तर वेलांटीला अक्षर सापडत नाही आणि पडद्यावर ती ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते. छापील कागदावर ही स्पेस डोळ्याला जाणवलीही नसती. वाई येथून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशासारखा प्रकल्प (पहिला खंड १९७६) मुद्रित रूपातून युनिकोडमध्ये आला, तेव्हा वाचकाला शब्द टाकून नोंद शोधता येऊ लागली. हाच युनिकोडचा खरा लाभ होय. परंतु शोधयंत्र डोळ्याप्रमाणे समजून घेत नाही. ‘दक्षिण सातारा’ या शब्दांमध्ये दोन स्पेस असतील, तर एका स्पेसने घेतलेला साधा शोध ती नोंद सोडून पुढे जातो. १९४९ मध्ये स्थापन झालेला हा जिल्हा १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जातो. म्हणजे त्या अकरा वर्षांच्या कागदांचा शोध याच दोन शब्दांवर अवलंबून असतो. न सापडलेला कागद आणि नसलेला कागद यांत अभ्यासकाच्या दृष्टीने फरक उरत नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी कागद वाचू शकणाऱ्यांची निकड सर्वांच्या लक्षात आली. जुन्या कागदातील एखादा शब्द एखाद्या कुटुंबासाठी किती मोलाचा असू शकतो, हे त्या वेळी दिसून आले.

सामूहिक शुद्धीकरण : मर्यादा आणि रीत

एका फाइलीतील जादा जागा काढणे सोपे आहे. ‘शोधा आणि बदला’ या सोयीत दोन स्पेस शोधून त्यांच्या जागी एक ठेवावयाची आणि काही उरेनासे होईपर्यंत ही क्रिया पुन्हा करावयाची. सलग नऊ स्पेस असतील तर पहिल्या फेरीत पाच, दुसरीत तीन, तिसरीत दोन आणि चौथीत एक उरते. वाइल्डकार्डच्या साहाय्याने ‘दोन किंवा अधिक’ असा नमुना दिल्यास एकाच फेरीत काम होते. हीच आज्ञा मॅक्रोमध्ये नोंदवून संपूर्ण फोल्डरमधील फाइलींवर चालविता येते. अडचण आहे ती या सोयीच्या आंधळेपणात. ऐतिहासिक मजकुराच्या बाबतीत पुढील चार ठिकाणी सावध राहणे आवश्यक आहे.

पहिले ठिकाण त्रुटित मजकुराचे. कागद फाटला असेल किंवा कसरीने खाल्ला असेल, तर अनेक टंकलेखक न लागलेल्या शब्दांच्या जागी आठ-दहा स्पेस सोडतात. सरसकट शुद्धीकरणात ही पोकळी एका स्पेसची होते, आणि जेथे दोन नावे व एक गाव गहाळ होते तेथे सलग, निर्दोष वाक्य तयार होते. पुढील अभ्यासकाला तेथे काही हरवले होते याची शंकाही येणार नाही. म्हणून प्रथम अशा जागी ‘त्रुटित’ अशी स्पष्ट खूण करावी.

दुसरे ठिकाण मांडणीचे. जमाखर्चाचे रकाने, वंशावळी आणि पद्य यांत जागा हाच मजकुराचा भाग असतो. रकाने मोडले की रक्कम एका नावापुढून दुसऱ्या नावापुढे जाते. असे भाग तक्त्यात रूपांतरित करावेत किंवा वेगळे काढून ठेवावेत.

तिसरे ठिकाण प्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांचे. ‘घरा समोर’ हे ‘घरासमोर’ असे जोडणे योग्यच आहे. पण तोच नियम यंत्राला सरसकट दिला तर ‘राजा समोर आला’ याचे ‘राजासमोर आला’ होते. पहिल्या वाक्यात राजा येतो, दुसऱ्यात दुसराच कोणी राजापुढे येतो. जादा स्पेस कमी करणे यंत्राकडे सोपवावे. एकमेव स्पेस काढण्याचा निर्णय वाचकानेच घ्यावा.

चौथे ठिकाण न दिसणाऱ्या चिन्हांचे. युनिकोडमध्ये शून्य रुंदीचे जोडचिन्ह असते. काही कळफलकांवर ‘ऱ्या’ हे अक्षर याच चिन्हाच्या आधाराने उमटते. ‘सर्व अदृश्य चिन्हे काढा’ अशी आज्ञा दिल्यास ते चिन्हही जाते आणि ‘दऱ्या’ या शब्दाचे ‘दर्या’ होते. कोयनेच्या खोऱ्यातील डोंगरदऱ्यांचे वर्णन करणाऱ्या कागदात अशा रीतीने समुद्र अवतरतो. शब्दशोधनीला ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

या चारही बाबी सांभाळल्यानंतरही मूळ फाइलींची अस्पर्शित प्रत वेगळी जतन करावी, प्रथम थोड्या फाइलींवर प्रयोग करून दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात आणि कोणत्या दिवशी कोणता बदल केला याची नोंद ठेवावी. पाठसंशोधनात संपादक पाठभेद नोंदवितो. त्याच शिस्तीचा हा विस्तार आहे.

निष्कर्ष

१. मराठी मजकुरातील शब्दांमधील जागा ही मोडी कागदावर नव्हती. ती लिप्यंतर, मुद्रण आणि टंकलेखन यांतून आली. म्हणून ती संपादकीय कृती मानली पाहिजे.

२. अनावश्यक जागांना वेगवेगळी कारणे आहेत. त्यामुळे एकच आज्ञा सर्व फाइलींना लागू करणे सदोष ठरते.

३. शुद्धीकरण न केल्यास कागद शोधात सापडत नाही. अविचाराने केल्यास कागद सापडतो, पण त्यातील पुरावा बदललेला असतो. दुसरी हानी अधिक गंभीर आहे, कारण ती दिसत नाही.

४. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परंपरेतील इतिहास व मराठी विभागांनी मोडी प्रशिक्षणासोबत टंकलिखित मजकुराच्या शुद्धीकरणाचेही शिक्षण द्यावे. राजवाडे व खरे यांनी जो शब्द पुष्कळ विचार करून तोडला, तो यंत्राच्या एका कळीने जोडण्यापूर्वी कोणीतरी वाचलेला असणे, ही किमान अपेक्षा होय.