खंड्याची पालखी

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर हे एक लहानसे स्टेशन आहे. करमाळ्यास जाणारी मंडळी येथे उतरतात. गाडी निघून गेली की आसमंतात पुन्हा शांतता पसरते. आणि सुगी आटोपल्यानंतरचे दिवस असतील, तर आसपासच्या मोकळ्या रानांत धनगरांचे वाडे उतरलेले दिसतात. घोड्याच्या पाठीवर मावेल एवढा संसार, दोनचार घोंगड्या, वाघरीत कोंडलेली मेंढरे, आणि त्यांच्या कडेला कान टवकारून बसलेला एक सडपातळ कुत्रा. लांडगा आला तर भुंकावे, एवढेच या कुत्र्याचे काम, असे शहरातील मनुष्यास वाटते. परंतु जो मेंढपाळ महिनेच्या महिने गावकुसाबाहेर काढतो, ज्याला रात्री बोलावयास पुष्कळदा दुसरे कोणीच नसते, तो आपल्या कुत्र्याशी जे बोलतो ते केवळ हुकूम नसतात. त्या गुजगोष्टी असतात. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा का धावतो, हे अशा मनुष्यास कोणी समजावून सांगावे लागत नाही. दत्ताच्या पायाशी असलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, असे पुराणिक सांगतात. अर्थ थोर आहे. पण धनगराला कुत्रा कुत्रा म्हणूनच पुरेसा असतो.

हेच गुजगोष्टींचे नाते रानातील वाड्यातून राजवाड्यात गेले, तेव्हा मात्र इतिहासकाराने त्याला वेड म्हटले. तो राजवाडा साताऱ्याचा, आणि तो राजा म्हणजे थोरले शाहू छत्रपती.

शाहूंच्या आयुष्याची सुरुवातीची काही वर्षे याच सोलापूर जिल्ह्यात गेली, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. जेऊरच्या दक्षिणेकडून वाहणारी भीमा पुढे पंढरपूर ओलांडून मंगळवेढ्याच्या बाजूस जाते, तेथे माचणूरजवळ ब्रह्मपुरी नावाचे गाव आहे. इ. स. १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेब बादशहाची छावणी येथे होती. छावणी कसली, तंबूंचे एक नगरच ते. या नगरात एक मराठा राजपुत्र कैदेत वाढत होता. मार्च १६८९ मध्ये बादशहाने संभाजी महाराजांना ठार मारले, तेव्हा शाहूंना सात वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला आणि मातुःश्री येसूबाईंसह ते शत्रूच्या हाती लागले. कैद क्रूर नव्हती. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने माय-लेकरांवर ममता केली, असे इतिहास सांगतो. परंतु जेथे प्रत्येक शब्द तोलून बोलावा लागतो, प्रत्येक हसण्यामागे हेतू शोधावा लागतो, अशा ठिकाणी सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत राहणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याची त्याने करावी. बादशहा इ. स. १७०७ मध्ये मरण पावला आणि शाहू सुटले, पण येसूबाई सुटल्या नाहीत. आईची व पुत्राची भेट होण्यास आणखी बारा वर्षे, म्हणजे १७१९ साल उजाडावे लागले.

अशा रीतीने बालपण हिरावले गेलेल्या मनुष्याचा स्वभाव कडवट व्हावयाचा. शाहूंचा झाला नाही. सुटकेनंतर स्वदेशी येत असता पारद गावाशी त्यांना लढावे लागले. लढाईनंतर त्या गावच्या एका स्त्रीने आपले तान्हे मूल त्यांच्या पायांवर घातले. शाहूंनी ते ठेवून घेतले, त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि त्याला पुत्राप्रमाणे वाढविले. पुढे याच फत्तेसिंहाकडे अक्कलकोटची जहागीर आली. सोलापूर जिल्ह्यात जेऊर नावाचे दुसरे एक गाव आहे, काशीविश्वेश्वराच्या मंदिराचे. ते याच अक्कलकोटच्या तालुक्यात येते. पायाशी आलेल्या जिवाला दूर लोटावयाचे नाही, हा शाहूंचा स्वभावच होता. एका लेकराच्या बाबतीत त्यातून एक संस्थान निर्माण झाले. कुत्र्याच्या बाबतीत काय झाले, ते आता पाहावयाचे आहे.

शाहूंना शिकारीचा मोठा नाद होता. एकदा वाघाच्या शिकारीत त्यांचा जीव धोक्यात आला असता त्यांच्या आवडत्या कुत्र्याने त्यांना वाचविले. परंपरेने या कुत्र्याचे नाव खंड्या असे सांगितले जाते. राजवाड्यात परत आल्यावर शाहूंनी त्याला सोन्याचा पट्टा किंवा दुधाची वाटी दिली असती, तर कोणी काही म्हटले नसते. त्यांनी त्याला जहागीर दिली, तिची रीतसर सनद करून दिली आणि पालखीचा मान दिला!

हा मान काय होता, हे आज नीट कळत नाही. मराठी राज्यात पालखी ही हौसेने विकत घेऊन बसण्याची वस्तू नव्हती. ती धन्याने द्यावी लागे. पालखीबरोबर भोई आले, भोयांचा पगार आला, आणि त्या खर्चाची नेमणूकही सरकारातून होई. उभी हयात तलवार गाजवूनही पालखी पदरात न पडलेली माणसे दरबारात पुष्कळ असत. खंड्याच्या पालखीचा सरंजाम मात्र चालू राहिला. दरबारातील एखाद्या वृद्ध शिलेदाराने त्या वेळी मान फिरवून काय पुटपुटले असेल ते असो! मात्र शाहूंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगता येते. धन्यासाठी रणात जो देह झिजवितो त्याला इनाम द्यावे, हा राज्याचा नियमच होता. शाहूंनी नियम मोडला नाही. तो लावताना हात आणि पंजा यांत भेद केला नाही, एवढेच.

पण प्रकरण पालखीवर थांबले नाही. एके दिवशी भर दरबारात शाहूंनी या कुत्र्याला किनखाप घातला, अंगभर जडजवाहीर चढविले, आणि स्वतःच्या मस्तकावरील पागोटे काढून त्याच्या डोक्यावर ठेवले. त्यानंतर त्यांनी स्वतः कधीही पागोटे घातले नाही; ते बोडक्यानेच वावरत.

या प्रसंगाचे दोन अर्थ सांगितले जातात. पहिला ग्रँट डफ याचा. हा इंग्रज अधिकारी इ. स. १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूपूर्वी काही वर्षे शाहूंची बुद्धी काही काळ ढळली होती, त्या भरातील हा प्रकार, असे तो म्हणतो. सनद आणि पालखी यांनाही तो लहरींच्याच यादीत टाकतो. दुसरा अर्थ मराठी परंपरेतला. संपत्तीचा डौल मिरवीत दरबारास येणाऱ्या एका सरदाराची खोड मोडावी म्हणून शाहू स्वतः साधे राहिले आणि दागिने कुत्र्यावर घातले: ज्याने त्याने समजावे की रत्ने कोणाच्याही अंगावर चढतात. एकाला त्यात वेड दिसले, दुसऱ्याला चातुर्य. कुत्र्यावरील साधे प्रेम मात्र दोघांनाही दिसले नाही. डफ साताऱ्यास आला तेव्हा शाहूंच्या मृत्यूला सत्तर वर्षे होत आली होती. त्याच्या शब्दाला केवढे वजन द्यावयाचे, हे यावरून ठरवावे.

शाहूंचे उत्तरायुष्य पाहिले म्हणजे या प्रेमाचा उलगडा होतो. इ. स. १७४० हे साल त्यांच्या मुळावर आले. एप्रिलात बाजीराव गेले, डिसेंबरात चिमाजीअप्पा. त्याच वर्षी वीरूबाई वारली. ती विवाहित राणी नव्हती, परंतु शाहूंच्या घरचा सारा व्यवहार तिच्या हाती असे, आणि फत्तेसिंहावर तिची पुत्रवत माया होती. राणी सगुणाबाई १७४८ मध्ये वारली. वंशाला पुत्र उरला नाही. गादीवर पुढे कोणी बसावे याची कुजबुज राजा जिवंत असतानाच वाड्यात सुरू झाली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत समोर येणारा प्रत्येक जण काहीतरी मागावयास येत असे. कोणी वतन, कोणी सरदेशमुखीचा अंमल, कोणी वारसाहक्क. अशा दरबारात ज्याने अर्ज केला नाही असा एक खंड्याच होता. सनददेखील त्याने मागितली नव्हती.

त्याच सुमारास युरोपात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक राज्य करीत होता. तो गादीवर आला तोही १७४० सालीच. त्याचा जीव आपल्या शिकारी कुत्र्यांवर एवढा, की पोट्सडाम येथील आपल्या राजवाड्याच्या बागेत त्यांच्या शेजारीच आपणास पुरावे, असे त्याने लिहून ठेवले होते. इ. स. १७८६ मध्ये तो मेला, तेव्हा पुतण्याने त्याला भलतीकडेच, एका चर्चमध्ये, बापाच्या शेजारी पुरले. अखेर १९९१ च्या ऑगस्टात त्याचा देह कुत्र्यांजवळ नेण्यात आला; दोनशे पाच वर्षे लागली. गंमत अशी, की या फ्रेडरिकला युरोप तत्त्वज्ञ राजा म्हणते. साताऱ्याच्या राजाने पालखी दिली ती मात्र लहर!

अलीकडे शास्त्रज्ञांनीही या नात्यात लक्ष घातले आहे. जपानातील नागासावा, किकुसुई प्रभृतींनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, कुत्रा व त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहत राहिले म्हणजे दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्यातही हेच द्रव्य माया वाढविते. आईपासून बारा वर्षे दुरावलेल्या, पुत्राविना राहिलेल्या राजाच्या संबंधात हा शोध विशेष बोलका वाटतो.

महाराष्ट्रात कुत्र्याची समाधी म्हटली की रायगडावरील वाघ्याचे नाव निघते. तेथील पुतळा १९३६ सालचा. शिवकालीन कागदांत वाघ्याचा उल्लेख आढळत नाही, म्हणून त्यावर वादही झाले. २०१२ मध्ये तो पुतळा हलविण्यात आला आणि पुन्हा बसविण्यात आला. या गलबल्यात साताऱ्याच्या खंड्याची आठवण मागेच राहिली आहे.

शाहू छत्रपतींचे देहावसान १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास रंगमहालात झाले. राणी सकवारबाई त्यांच्यामागे सती गेली. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर, माहुलीस, त्यांचा अंत्यविधी झाला आणि तेथेच त्यांची समाधी आहे. संगमावरील देवळांकडे जाणाऱ्या यात्रेकरूंना त्याच परिसरात आणखी एक लहानशी समाधी दिसते. ती त्यांच्या कुत्र्याची आहे.