मुरबाड-शहापुरातील मोबाइल ॲप: लोकलच्या वेळापत्रकापासून पीक पाहणीपर्यंत

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन शेजारी तालुके. प्रवासाच्या बाबतीत मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत सुरू झालेली रेल्वे १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ च्या आरंभी कसाऱ्याला पोहोचली. शहापूर तालुका तेव्हापासून रुळांवर आहे. मुरबाडला रेल्वे अजून नाही. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा व्यापार नाणेघाटाने या तालुक्यात उतरत असे. आजची मुख्य वाट म्हणजे कल्याणहून मुरबाड आणि माळशेज घाटमार्गे नगरकडे जाणारा रस्ता. त्यावर भिस्त एसटीची आणि काळी-पिवळी जीपची. मोबाइलवरील ॲप या दोन तालुक्यांत कशी रुजली, हे समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

स्मार्टफोन येण्याआधी गाडीची वेळ कळण्याची साधने मोजकीच होती. एसटी स्थानकावर रंगवलेला वेळापत्रकाचा फळा, चौकशीची खिडकी, ओळखीचा कंडक्टर आणि लोकलच्या वेळांची छापील पुस्तिका. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे लोकल तुरळक होत जातात. मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून पुढची लोकल धरणाऱ्याला दोन वेळापत्रकांचा मेळ घालावा लागे. एसटी घाटात किंवा शहराच्या कोंडीत अडकली की तो मेळ बिघडे, आणि बिघडल्याचे स्थानकावर पोहोचल्यावरच कळे.

ही अडचण आधी हलकी केली ती ‘एम-इंडिकेटर’ने. सचिन टेके यांनी तयार केलेले हे ॲप २०१० साली आले. सुरुवातीला ते साध्या जावा फोनवरही चाले. लोकलचे वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असल्याने ते पाहायला इंटरनेट लागत नसे. शहापूरच्या आतल्या गावांत तेव्हा रेंज क्वचितच मिळे, त्यामुळे हा गुण मोलाचा ठरला. पुढे त्यात प्रवाशांच्या गप्पांची सोय आली. एखादी लोकल कुठे थांबली आहे, हे त्याच गाडीतला प्रवासी लिहून कळवू लागला. फलाटावर एकमेकांना विचारण्याची जुनी पद्धतच अशा रीतीने फोनवर आली.

रेल्वेचे स्वतःचे ‘यूटीएस’ ॲप मुंबई उपनगरी मार्गावर डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. आरंभी तिकीट मोबाइलवर काढले तरी स्थानकातल्या यंत्रावर छापून घ्यावे लागे. कागदाविना तिकीट २०१५ पासून चालू लागले. पुढे तिकीट, आरक्षण आणि गाडीची चौकशी एकाच ठिकाणी देणारे ‘रेलवन’ १ जुलै २०२५ रोजी आले. मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर २०२२ पासून लोकल नेमकी कुठे आहे हेही दिसू लागले.

लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप पसंत पडले. बंगळूरच्या सिग्मॉइड लॅब्जने ते घडवले आणि २०१८ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. प्रवासी गाडीत असेल तर फोनला ज्या मोबाइल टॉवरची खूण मिळते, तिच्यावरून हे ॲप गाडीची जागा ओळखते. त्यासाठी इंटरनेट किंवा जीपीएस चालू असण्याची गरज नाही. कसारा आणि इगतपुरी यांच्या दरम्यान थळ घाटाचा १:३७ चा चढ आहे. तो चढण्यासाठी कसाऱ्याला गाडीला जादा जोर देणारी ‘बँकर’ इंजिने जोडतात. बोगदे आणि दऱ्यांच्या या टप्प्यात इंटरनेट वारंवार तुटते, तेव्हा अशी सोय खरी उपयोगी पडते.

पैशांच्या व्यवहारात मुरबाड तालुक्याचे नाव देशभर पोहोचले ते धसईमुळे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली आणि १ डिसेंबरला तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून घोषित झाले. आसपासच्या गावापाड्यांची ही बाजारपेठ. बँक ऑफ बडोदाच्या साहाय्याने दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे मिळाली. वडापाव, भाजी, किराणा, तांदूळ यांचे पैसे कार्डाने घेण्याची तयारी झाली. परंतु यंत्राला वीज हवी, रेंज हवी, आणि गिऱ्हाइकाकडे चालते कार्ड हवे. पाड्यावरून येणाऱ्या मजुराकडे ते असेलच असे नाही. नोटा पुन्हा हाती येऊ लागल्या तसा बाजार बराचसा रोखीकडे वळला.

धसईने दाखवलेली दिशा चुकीची नव्हती. साधन जड होते. ‘यूपीआय’ ही प्रणाली एप्रिल २०१६ मध्येच सुरू झाली होती आणि ‘भीम’ ॲप त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला आले. सप्टेंबर २०१६ पासून जिओने इंटरनेट स्वस्त केले. जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क राहिले नाही. क्यूआरचा छापील कागद भिंतीवर चिकटवला की झाले. त्याला ना वीज लागते ना भाडे. यंत्राने जे साधले नाही ते या कागदाने साधले. एसटीतही कंडक्टरच्या तिकीट यंत्रावर क्यूआर आला आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी कुरबुर कमी झाली.

शेतीच्या कामात हाच अनुभव ‘ई-पीक पाहणी’ने दिला. १५ ऑगस्ट २०२१ पासून हे ॲप राज्यभर लागू झाले. सातबाऱ्यावरील पिकाची नोंद पूर्वी तलाठी करी. आता शेतकरी भाताच्या बांधावर उभा राहून गट क्रमांक निवडतो, क्षेत्र भरतो आणि पिकाचा फोटो काढतो. फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये राहते आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते. सुरुवातीपासूनच एका फोनवरून २० खातेदारांची नोंद करण्याची मुभा होती. ज्या पाड्यावर एखाद्याच तरुणाकडे स्मार्टफोन आहे, तिथे ही मुभा नसती तर अनेकांचे पीक सातबाऱ्यावर आलेच नसते.

या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. मुरबाड-शहापुरात टिकली ती रेंज, वीज आणि पैसा या तिन्हींची कमीत कमी मागणी करणारी साधने. साठवलेले वेळापत्रक, टॉवरवरून कळणारी गाडी, कागदावरचा क्यूआर, नंतर पाठवता येणारी नोंद: ही सगळी त्याच जातीची. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी नवे ॲप आखताना सरकारने आणि कंपन्यांनी शहरातला वेगवान फोन समोर न ठेवता पाड्यावरचा एकुलता फोन समोर ठेवला, तर ते ॲप शहरातही अडणार नाही.