अमरावती व अकोला : पुरे, पेठा, कॅम्प आणि फैल

वऱ्हाडातील अमरावती (लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ६.४७ लाख) व अकोला (सुमारे ४.२६ लाख) या दोन शहरांतील निरनिराळ्या समाजांच्या वस्त्या आणि सहसा प्रवासी न फिरकणारी तेथील स्थळे. अमरावतीला येणारा बहुधा अंबादेवीचे दर्शन घेऊन चिखलदऱ्याकडे निघतो. अकोल्यात उतरणाऱ्याचे पाय शेगावकडे वळतात. त्यामुळे दोन्ही शहरांचे परकोटाआतले भाग, नदीकाठचे पुरे आणि फाळणीनंतरचे कॅम्प यांच्याबद्दल छापील माहिती तुटपुंजी आहे.

नावांची घडण : येथील वस्ती कोणत्या काळातली, हे पुष्कळदा तिच्या नावाच्या शेवटच्या पदावरून ओळखता येते. ‘पुरा’ व ‘गंज’ (मोमिनपुरा, बैदपुरा, महाजनपुरा, मसानगंज) ही पदे जुन्या राजवटीतल्या जातिसमूहांच्या व बाजारांच्या वस्त्यांना लागतात; ‘पेठ’ (ताजनापेठ, जठारपेठ, रामदासपेठ, राजापेठ) हे व्यापारी वाढीचे पद. ‘वारा’ म्हणजे त्या वारी भरणाऱ्या बाजाराची जागा (बुधवारा, इतवारा). अमरावतीचे ‘गेट’ आणि ‘खिडकी’ पडलेल्या वा पुसट झालेल्या तटाचा पत्ता सांगतात. ‘कॅम्प’ दोन प्रकारचे : एक इंग्रज छावणीचा, दुसरा १९४७ नंतरच्या निर्वासितांचा. ऐकताना ते एकच वाटतात, पण त्यांच्यामध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे. ‘फैल’ हे पद खास विदर्भातले. अकोल्यातील अकोट फैल व तारफैल आणि वर्ध्यातील पुलफैल ही त्याची उदाहरणे. रेल्वे व गिरण्यांच्या आश्रयाने वसलेल्या कष्टकऱ्यांच्या रांगवजा वस्तीला हे नाव पडले. इंग्रजीतल्या ‘फाइल’ या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. त्यानंतरचे ‘प्लॉट’ (रतनलाल प्लॉट), ‘कॉलनी’ आणि ‘नगर’.

सिंगापुरात १८२२ मध्ये इंग्रजांनी नकाशावर रेघा ओढून चिनी, मलायी, अरब व तमिळ लोकांना वेगवेगळे भाग नेमून दिले. वऱ्हाडात असा नकाशा कोणी केला नाही. येथील सरमिसळ कापसाच्या व्यापाराने, दुष्काळाने, रेल्वेने आणि फाळणीने घडवली.

अमरावतीचा परकोट : जुन्या अमरावतीची भरभराट काही अंशी अकोल्याच्या ऱ्हासातून झाली. अठराव्या शतकात अकोल्याच्या तालुकेदाराच्या जाचाला कंटाळून पुष्कळ कुटुंबे अमरावतीला येऊन राहिली, असे गॅझेटियरकार लिहितात. पैसेवाले व्यापारी जमले तशी पेंढाऱ्यांची भीतीही वाढली. निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये गावाभोवती तट घालायला घेतला आणि तो १८२१ च्या सुमारास पुरा झाला. घेर सुमारे सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट. तटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या असल्याची जुनी मोजणी आहे. आज मात्र लोकांच्या बोलण्यात अंबागेट, जवाहरगेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, भुसारी गेट आणि महाजनपुरी गेट अशी सहा नावे येतात. त्यांतले एखादे नाव मागाहून पडले असावे. नागपुरी व खोलापुरी ही नावे वाट कुठे जाते ते सांगतात, भुसारी हे नाव धान्याच्या व्यापाराची आठवण ठेवते, तर अंबागेट देवीकडे उघडतो.

येथे ‘खिडकी’ म्हणजे भिंतीतला झरोका नव्हे. मोठे दरवाजे बंद झाल्यावर माणसाला जाण्या-येण्यापुरती ठेवलेली तटातली छोटी वाट म्हणजे खिडकी. माता, पटेल, छत्रपुरी आणि खुनारी अशा चार खिडक्या. माताखिडकी, पटेल खिडकी व छत्रपुरी खिडकी ही आता मोहल्ल्यांची नावे झाली आहेत. पत्त्यावर ती लिहिणाऱ्याला तटाची आठवण असतेच असे नाही. खुनारी खिडकीचे नाव रक्तपातावरून पडले. १८१८ मध्ये तिच्याजवळ झालेल्या मारामारीत सुमारे ७०० माणसे मेली, असा गॅझेटियरचा उल्लेख आहे. आकडा फुगलेला असू शकतो, पण नाव दोनशे वर्षे टिकले आहे.

तटाचे अवशेष घरांच्या मागच्या भिंतींत मिसळून गेलेले आहेत. दगडी पाया, त्यावर विटांचे काम आणि त्याला टेकून उभे राहिलेले दुकान अशी रचना अनेक ठिकाणी पाहायला मिळते. तट पायी फिरण्याजोगा आहे. अंबागेटपासून निघून दरवाज्यांची नावे विचारत गेल्यास सराफा, भाजीबाजार, बुधवारा आणि मुसलमानी मोहल्ले असा जुन्या गावाचा जवळजवळ सगळा पट डोळ्यांखालून जातो. मंदिरे, मशिदी, जैन देरासरे आणि वाडे एकाच घेरात, काही ठिकाणी एकाच भिंतीला लागून आहेत. गल्लीगल्लीतील नावांची व अवशेषांची रीतसर नोंद तातडीने व्हायला हवी, कारण दर पावसाळ्यानंतर तटातला काही दगड कमी झालेला असतो.

कापूस व बाहेरून आलेले समाज : रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडे रवाना केल्याचे सांगतात. लमाणांचे तांडे हा या वाहतुकीचा कणा होता. रेल्वे आली (मुंबई–नागपूर मार्ग १८६७ मध्ये पुरा झाला) आणि तांड्यांचा धंदा बसला. पुढे लमाण शेतीकडे व मजुरीकडे वळले. शहरांत त्यांच्या नावाची पेठ उरली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि वऱ्हाडी रुईचा भाव चढला. मारवाडी, गुजराती, कच्छी व पारशी मंडळी जीन-प्रेस काढायला आणि अडत करायला येथे आली ती मुख्यतः याच सुमारास व त्यानंतर. जिनात सरकी वेगळी होई, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात. जिनाच्या भोवती मजुरांची वस्ती, अडत्याच्या पेढीभोवती व्यापाऱ्यांची, असा आकार दोन्ही शहरांनी घेतला. अडत, तोलाई व हमाली यांतल्या गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी १८९७ मध्ये वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. नियंत्रित शेतमाल-बाजारांचा हा हिंदुस्थानातला आरंभीचा कायदा. आजच्या बाजार समित्यांची मुळे त्यात आहेत. ‘कॉटन मार्केट’ हे दोन्ही शहरांत भागाचे नाव म्हणूनही रुळले आहे.

पारशी : वस्ती विरळ. अमरावतीत दस्तूरनगर हे नाव आहे.

अकोल्याचा किल्ला व जुने शहर : मोरणा नदी अकोल्याचे दोन भाग करते. पश्चिम काठावर किल्ला व जुने शहर, पूर्व काठावर ताजनापेठ आणि तिच्या पुढे वाढलेली सरकारी व व्यापारी वस्ती. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्याकडे अकोल्याची जहागीर होती. त्याच्या वतीने ख्वाजा अब्दुल लतीफ याने किल्ला बांधला, म्हणून असदगड.

किल्ल्याचे शिलालेख हा या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा पुरावा, आणि तो आपापसांत जुळत नाही. दहीहांडा वेशीवरील लेखात हिजरी १११४ हे वर्ष आहे. जुन्या गॅझेटियरने त्याला १६९७ हे इसवी सन दिले आणि पुढच्या सर्वांनी तेच उतरवून घेतले. चांद्र हिजरी गणनेने १११४ हे वर्ष १७०२–०३ मध्ये पडते. ईदगाहवरील लेखातले हिजरी १११६ हे वर्षही असेच सहा-सात वर्षे मागे ओढले गेले आहे. दोन्ही तारखा औरंगजेबाच्या कारकिर्दीतच येतात, त्यामुळे बांधणाऱ्याच्या नावाला बाध येत नाही. सन मात्र दुरुस्त करून वाचावे. तिसरा लेख अगरवेशीवर, मराठीत आहे. त्यानुसार गोविंद आप्पाजी याने १८४३ मध्ये किल्ला बांधला. हा दावा इतर लेखांशी सरळ विसंगत ठरतो. निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत मोठी डागडुजी झाली असावी आणि ती करवणाऱ्याने ती बांधणी म्हणून कोरली असावी, असा अर्थ लावणे सयुक्तिक वाटते. एकाच तटावर फार्सी आणि मराठी लेख शे-दीडशे वर्षांच्या अंतराने समोरासमोर असणे, हीच अकोल्याची खरी ओळख आहे.

किल्ल्यावर नक्षीकाम जवळजवळ नाही. १८०३ च्या नोव्हेंबरात आडगावच्या लढाईपूर्वी आर्थर वेलस्लीचा (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) तळ अकोल्याला होता. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी तटबंदी पाडली. मधल्या हवाखान्यात काही काळ शाळा भरत असे. दहीहांडा, अगर ही वेशींची नावे वाटेवरच्या गावांची आहेत, म्हणजे अमरावतीच्या गेटांचीच रीत.

राजराजेश्वर व कावड : जुन्या शहरातील राजराजेश्वर हे अकोल्याचे ग्रामदैवत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी त्याला पूर्णा नदीच्या पाण्याने अभिषेक करतात. हे पाणी सुमारे १८ किमी.वरच्या गांधीग्रामहून रात्रभर चालत खांद्यावरून आणले जाते. प्रथा १९४४ पासूनची असल्याचे सांगतात आणि तिचा संबंध पावसाने दडी मारल्याच्या वर्षाशी जोडतात. कावडीला बांधलेल्या पाण्याच्या भांड्याला ‘भरणे’ म्हणतात. कावड किती भरण्यांची, यावर तिचा मान ठरतो आणि शेकडो भरण्यांच्या कावडी निघतात. डाबकी रोड, हरिहरपेठ अशा भागांची मंडळे वेगवेगळी असतात. त्या पहाटे अकोल्याच्या वस्त्यांचा नकाशा रस्त्यावर चालत येतो. ही यात्रा वऱ्हाडाबाहेर जेवढी ठाऊक असायला हवी तेवढी नाही.

सिंधी कॅम्प : फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना दोन्ही शहरांत जागा मिळाल्या. अकोल्यात सिंधी कॅम्प, अमरावतीत रामपुरी कॅम्प व कंवरनगर. कंवरनगरचे नाव संत कंवरराम यांच्यावरून आहे. सक्कर भागातील हे सिंधी संत पायात घुंगरू बांधून ‘भगत’ गात. १९३९ मध्ये रुक स्टेशनवर रेल्वेगाडीत त्यांचा गोळ्या झाडून खून झाला. फाळणीनंतर त्यांची गादी अमरावतीला आली आणि देशभरचे सिंधी भाविक तिच्या दर्शनाला येतात. अमरावतीकर मराठी माणसाला मात्र आपल्या गावात असे क्षेत्र आहे याची फारशी कल्पना नसते. चेटीचंडला झूलेलालची मिरवणूक निघते. कापडाच्या व किराण्याच्या घाऊक धंद्यात या समाजाने जम बसवला. कॅम्पातली पहिली पिढी अरबी वळणाच्या लिपीत सिंधी लिहीत असे. तिच्या हातची पत्रे आणि वह्या घरोघरी असतील तर त्या जपून ठेवण्याजोग्या आहेत.

मुसलमान वस्त्या : मोमिन हे नाव विणकरांचे. दोन्ही शहरांतली उर्दू दखनीच्या अंगाने बोलली जाते आणि बाजारात ती वऱ्हाडीत सहज मिसळते. ‘मले’, ‘तुले’ ही वऱ्हाडी रूपे मुसलमान दुकानदाराच्या तोंडीही येतात.

दलित व कष्टकरी वस्त्या : १९२७ च्या सुमारास अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाचे आंदोलन उभे राहिले. त्या वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषदेसाठी अमरावतीत आले. पंजाबराव देशमुख यांचे नाव या आंदोलनाशी निगडित आहे. अंबागेटातून देवीकडे जाणारी वाट या अर्थानेही ऐतिहासिक आहे. इर्विन चौकातला आंबेडकरांचा पुतळा हे आज शहरातले मुख्य जमण्याचे ठिकाण. चौकाला व्हाइसरॉयचे नाव इस्पितळावरून मिळाले. अकोल्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धम्ममेळावा भरतो आणि फैलांतून, खेड्यांतून मिरवणुका येतात. फैलांचा लिखित इतिहास मात्र तटांच्या इतिहासाच्या मानाने नगण्य आहे. गॅझेटियरकारांनी दरवाजे मोजले, घरे मोजली नाहीत.

ख्रिस्ती : ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनचे अकोला हे वऱ्हाडातले प्रमुख ठाणे. १८९९–१९०० च्या दुष्काळात अनाथ मुलांची सोय मिशनने केली.

तपोवन : अमरावतीच्या सीमेवर डॉ. शिवाजीराव (दाजीसाहेब) पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी वसवलेली वसाहत. घरच्यांनी टाकलेली माणसे येथे एकत्र राहिली, विणकाम-सुतारकाम शिकली. वस्ती जातीवरून वा भाषेवरून न ठरता आजारावरून ठरल्याचे या नोंदीतले हे एकच उदाहरण.

व्यायामशाळा : हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (अमरावती, १९१४) वैद्य बंधूंनी काढले. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब, कबड्डी इत्यादींची प्रात्यक्षिके केली.

खाद्य : अमरावतीचा गिला वडा, वऱ्हाडातील मांडे व रोडगे.

बडनेरा : अमरावतीचे जंक्शन, आता महानगरपालिकेच्या हद्दीत. एका राजकन्येच्या आंदणात गेल्यामुळे यास पूर्वी ‘बडनेरा बीबी’ म्हणत. रेल्वेरुळांनी गाव दुभंगले. ‘जुनी वस्ती’ आणि ‘नवी वस्ती’ हीच दोन्ही भागांची नावे आहेत.