खुर्ची, सही आणि खापर

अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्याकडे १९४५ मध्ये मेजावर ठेवायची एक पाटी आली : ‘द बक स्टॉप्स हिअर’. पत्त्यांच्या जुगारात वाटप करणाऱ्याची पाळी दाखवणारी खूण म्हणजे ‘बक’. पाळी नको असेल तर ती पुढच्याकडे सरकवायची. आपण ज्याला टोलवाटोलवी म्हणतो, ती हीच. त्या वाक्याचे दोन अर्थ रूढ आहेत : शेवटचा निर्णय माझा, आणि बिघडले तर खापरही माझ्याच माथी. आपल्या ‘जबाबदारी’त तर मुळातच ‘जवाब’ आहे. (आम्हा डॉक्टरांना दुसरा अर्थ पेशंट लवकर शिकवतात.)

आता सिल्वासाकडे वळू. २ ऑगस्ट १९५४ ला हे गाव मुक्त झाले, पण भारतात लगेच विलीन झाले नाही. सात वर्षे कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. मग जवाबदार कोण? पोर्तुगालने बोट भारताकडे दाखवले आणि डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य झाला, सशस्त्र फौजेचा नाही; आणि १९५४ मध्ये भारताने आपले बंधन मोडले नाही, असेही ठरले. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना दिला तो महसूल, सरंजामासारखा. सार्वभौमत्व नव्हे, हेही त्याच निकालात आले. मराठी घरांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

१२ जून १९६१ ला वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. करारावर भारतातर्फे नेहरूंची सही, पण समोरून कोणाची? म्हणून ११ ऑगस्टला सनदी अधिकारी के. जी. बडलानी यांना एका दिवसासाठी इथले पंतप्रधान करण्यात आले. आपण ही गोष्ट प्रश्नमंजूषेतली गंमत म्हणून सांगतो. मला ते पटत नाही. निर्णय बडलानींचा नव्हता, तो पंचायतीचा होता. तरी ती खुर्ची भरल्याशिवाय प्रदेश सोपवणारे कोणी उरत नव्हते. ट्रुमनच्या पाटीत न बसणारा हा तिसरा अर्थ : सोपवून देता यावे म्हणून जबाबदारी घेणे.

त्याच दिवशी दहावी घटनादुरुस्ती लागू झाली. २६ जानेवारी २०२० पासून आपण दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश आहोत, आणि राजधानी दमणला आहे. इथल्या माणसाने जवाब मागायचा तर आता तिकडची वाट धरायची.