पाटी एकाची, बिऱ्हाडं अनेकांची : बंद पडणाऱ्या फाइल मॅनेजरचा इतिहास

२००६ सालचा उन्हाळा. वडिलांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि घराण्याचा कुलवृत्तांत लिहायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. नातेवाइकांकडून आलेल्या वंशावळी, स्कॅन केलेले जुने फोटो, डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेल्या दोन-चार म्हाताऱ्या आत्याबाईंच्या चित्रफिती, असं सगळं एका फोल्डरमध्ये साठत होतं. एक दिवस तो फोल्डर उघडेना. म्हणजे उघडायचा, क्षणभर दिसायचा आणि खिडकी मिटायची. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. बाकीचे फोल्डर मात्र व्यवस्थित उघडत होते.

दुरुस्तीवाला मुलगा आला. त्याने दोनदा माउस हलवून पाहिला आणि म्हणाला, "काका, फाइल मॅनेजरच उडालाय. फॉरमॅट मारावा लागेल."

"आणि फाइली?"

"फाइली आता कुठल्या राहिल्यात?"

संध्याकाळपर्यंत संगणक नव्यासारखा झाला होता. कुलवृत्तांत गेला. वडिलांनी तो पुन्हा लिहायला घेतला नाही, आणि तोवर त्यातल्या दोन आत्याबाईही राहिल्या नव्हत्या.

तो मुलगा लबाड नव्हता. ‘फॉरमॅट मारणे’ हा त्या काळात सगळ्या दुखण्यांवरचा रामबाण उपाय होता. पण फाइल मॅनेजर बंद पडला म्हणून फाइली गेल्या, हे त्याचं अनुमान चुकीचं होतं. ग्रंथपाल घेरी येऊन पडला म्हणून कपाटातली पुस्तकं जळत नाहीत. शिवाय ग्रंथपालाला घेरी आली ती बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या आजाराने नसते. मग कशाने असते? त्याचं उत्तर या साध्याशा प्रोग्रामच्या इतिहासात आहे.

यादी होती तेव्हा

सुरुवातीला फाइल मॅनेजर नावाची गोष्टच नव्हती. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला. काळ्या पडद्यावर ‘डीआयआर’ अशी आज्ञा टंकली की डिस्कवरच्या फाइलींची यादी यायची. त्याच वर्षी झेरॉक्सने ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर टेबल मांडल्यासारखी कागदाची आणि फोल्डरची चित्रं होती. स्टार महाग होता, फारसा खपला नाही. पण कल्पना टिकली. जानेवारी १९८४मध्ये ॲपलचा मॅकिन्टॉश आला, त्यात ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी लिहिलेला ‘फाइंडर’ होता. त्या पहिल्या मॅकवर एका वेळी एकच प्रोग्राम चाले. लेखनाचा प्रोग्राम उघडला की फाइंडर जागा सोडून बाहेर जायचा, आणि काम संपलं की परत यायचा.

डॉसवाल्यांसाठी १९८६मध्ये जॉन सोचा यांनी लिहिलेला ‘नॉर्टन कमांडर’ आला. निळ्या पडद्यावर दोन उभ्या याद्या. डावीकडची फाइल उजवीकडे पाठवायची. इतका सुटसुटीत, की त्याची वंशावळ आजही चालू आहे. मे १९९०च्या विंडोज ३.०मध्ये ‘फाइल मॅनेजर’ याच नावाचा प्रोग्राम मिळाला. २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला केला, आणि किरकोळ दुरुस्त्यांसह तो आजच्या विंडोजवरही चालतो.

या सगळ्यांमध्ये एक साम्य होतं. ते प्रामुख्याने याद्या दाखवायचे. फाइलीचं नाव, आकार, तारीख. फाइलीच्या पोटात काय आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. आणि त्या काळी एक प्रोग्राम कोसळला की बहुधा अख्खा संगणकच थिजायचा, त्यामुळे नेमका दोष कोणाचा हे विचारायच्या फंदात सहसा कोणी पडत नसे. बटण दाबा, पुन्हा सुरू करा.

१९९५ : दार उघडलं

२४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ आलं आणि त्याच्यासोबत ‘एक्सप्लोरर’ आला. इथे दोन निर्णय झाले, आणि पुढच्या तीस वर्षांतल्या बहुतेक तक्रारींची मुळं त्या दोन निर्णयांत आहेत.

पहिला निर्णय : खालची पट्टी, स्टार्टचं बटण, डेस्कटॉप आणि फोल्डरच्या खिडक्या हे सगळं एकाच प्रोग्रामकडे सोपवलं गेलं. म्हणून फोल्डर उघडताना एक्सप्लोरर कोसळला की खालची पट्टीही गायब होते, डेस्कटॉपवरची चित्रं नाहीशी होतात आणि वापरणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. संगणक चालू असतो, बाकीचे प्रोग्राम चालू असतात, फक्त दर्शनी भाग पडलेला असतो.

दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा. मायक्रोसॉफ्टने बाहेरच्या कंपन्यांना एक्सप्लोररमध्ये भर घालायची मुभा दिली. राइट-क्लिक केल्यावर येणाऱ्या मेनूत आपली ओळ घाला, फाइलीच्या चित्रावर आपली खूण लावा, गुणधर्मांच्या खिडकीत आपलं पान जोडा. यासाठी कंपनीने डीएलएल, म्हणजे कोडचा एक तुकडा लिहायचा, रजिस्ट्रीत त्याची नोंद करायची, आणि एक्सप्लोरर तो तुकडा स्वतःच्या मेमरीत चढवून घेणार. या तुकड्यांना ‘शेल एक्स्टेन्शन’ म्हणतात.

इथे ‘स्वतःच्या मेमरीत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चालू प्रोग्राम म्हणजे एक वाडा समजा. दोन वाड्यांमध्ये भिंत असते. एकात आग लागली तर दुसरा सहसा वाचतो. पण एकाच वाड्यातल्या बिऱ्हाडांमध्ये भिंत नसते. एका बिऱ्हाडकरूने स्टो भडकवला की अख्खा वाडा जातो. बाहेरच्या तुकड्याने मेमरीत भलत्याच जागी हात घातला, तर ऑपरेटिंग सिस्टीम त्या तुकड्याला वेगळं काढू शकत नाही, ती सगळा प्रोग्रामच बंद करते. आणि पडद्यावर संदेश येतो तो पाटीवरच्या नावाने : एक्सप्लोरर बंद पडला.

मग प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा वाडा का दिला नाही? कारण परवडत नव्हतं. विंडोज ९५ किमान ४ एमबी मेमरीवर चालावं असं ठरलेलं होतं. आज मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा अनेकदा त्याहून मोठा असतो. एवढ्या जागेत प्रत्येक पाहुण्यासाठी स्वतंत्र प्रोसेस चालवणं ही चैन होती. त्या काळाच्या हिशेबाने निर्णय शहाणपणाचाच होता. पण मेमरी वाढली, काळ बदलला, तरी वाड्याचा नकाशा तोच राहिला, कारण त्या नकाशावर विसंबून हजारो कंपन्यांनी बिऱ्हाडं थाटली होती.

गर्दी

आधी झिप फाइली बांधणारे आले, मग अँटिव्हायरस, मग प्रिंटर आणि ग्राफिक्स कार्डांचे चालक, मग ढगात फाइली साठवून देणाऱ्या सेवा. प्रत्येकाला राइट-क्लिकमध्ये आपली ओळ हवी होती. फाइलीच्या चित्रावर छोटी खूण लावायची सोय तर सगळ्या सिस्टीममध्ये मिळून १५ जागांपुरतीच होती, त्यातल्याही काही विंडोजच्या स्वतःच्या. क्रम नावांच्या वर्णानुक्रमाने लागायचा. मग कंपन्यांनी काय केलं? रजिस्ट्रीतल्या आपल्या नावाच्या आधी एक मोकळी जागा सोडली, म्हणजे यादीत नंबर वर. दुसऱ्याने दोन सोडल्या, तिसऱ्याने तीन. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचाच हा प्रकार.

दरम्यान फाइल मॅनेजर फाइलींच्या पोटातही डोकावू लागला होता. फोटोची छोटी प्रतिमा, चित्रफितीतलं एखादं दृश्य, गाण्याची लांबी, हे सगळं फोल्डर उघडताक्षणी दाखवायचं तर फाइल आतून वाचावी लागते. चित्रफीत वाचायला कोडेक लागतो. २०००नंतरच्या दशकात सिनेमे पाहण्यासाठी लोक कुठूनकुठून ‘कोडेक पॅक’ आणून बसवायचे. त्यातला एखादा कोडेक कच्चा असला आणि फोल्डरमधली एखादी चित्रफीत अर्धवट किंवा बिघडलेली असली, तर केवळ फोल्डर उघडणं पुरेसं व्हायचं. फाइलीवर क्लिकही करावं लागत नसे.

वॉटसन आणि होम्स

दोष कोणाचा, हे शोधायची साधनं हळूहळू आली. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ‘डॉ. वॉटसन’ नावाचा प्रोग्राम असे. नावाप्रमाणेच तो टिपण लिहून ठेवी, उकल करत नसे. २००१च्या एक्सपीपासून कोसळलेल्या प्रोग्रामचा अहवाल मायक्रोसॉफ्टकडे पाठवायचा की नाही, असं विचारणारी खिडकी रुळली. वापरणारे बहुतेक ‘पाठवू नका’ दाबत. पण त्याच घटनेची नोंद घरच्या संगणकावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये होते, आणि तिथे दोन वेगळ्या ओळी असतात : कोणता प्रोग्राम कोसळला, आणि कोणत्या तुकड्यामुळे कोसळला. पहिली ओळ पाटीची, दुसरी बिऱ्हाडकरूची. दुसऱ्या ओळीतल्या डीएलएलचं नाव एखाद्या बाहेरच्या कंपनीचं निघालं, की अर्धा तपास झाला. तिथे विंडोजचंच नाव असलं तरी आरोप सिद्ध होत नाही. कधी एकजण मेमरी बिघडवून जातो आणि ठेच दुसऱ्याला लागते.

अशा वेळी चाळणी लावावी लागते. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या ‘सिसइंटर्नल्स’ संग्रहातलं ‘ऑटोरन्स’ किंवा निर सोफर यांचं ‘शेलएक्सव्ह्यू’ उघडलं की वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची यादी दिसते. मायक्रोसॉफ्टची सोडून बाकीची निम्मी बंद करायची. एक्सप्लोरर टिकला तर गुन्हेगार बंद केलेल्या निम्म्यात. नाही टिकला तर उरलेल्यात. पुन्हा निम्मे करायचे. साठ बिऱ्हाडं असली तरी सहा फेऱ्यांत एक नाव उरतं.

नुसतं पाहणंही धोक्याचं

हा प्रश्न गैरसोयीपुरता नाही, हे २०१०मध्ये जगाला कळलं. त्या जूनमध्ये बेलारूसमधल्या एका अँटिव्हायरस कंपनीला ‘स्टक्सनेट’ सापडला. इराणच्या नतान्झ इथल्या युरेनियम संवर्धन प्रकल्पातली यंत्रं बिघडवण्यासाठी बनवलेला हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून पसरत होता. पेन ड्राइव्हवर एक शॉर्टकट असे. त्या शॉर्टकटचं चित्र काढण्यासाठी एक्सप्लोरर त्याने सांगितलेला कोडचा तुकडा आपल्या मेमरीत चढवायचा, आणि तो तुकडा हल्लेखोरांचा असायचा. फोल्डर उघडून नुसतं पाहिलं तरी काम झालं. २ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर जाऊन दुरुस्ती दिली. पाहुण्याला घरात घेण्याची तीच जुनी पद्धत, फक्त या वेळी पाहुणा वेंधळा नव्हता, मारेकरी होता.

भिंती

भिंती तोवर बांधायला सुरुवात झाली होती. विंडोज व्हिस्टापासून छोट्या प्रतिमा काढण्याचं काम ‘कॉम सरोगेट’ नावाच्या वेगळ्या प्रोसेसकडे गेलं. मायक्रोसॉफ्टमधले जुने प्रोग्रामर रेमंड चेन यांनी तिचं वर्णन बळी द्यायला ठेवलेली प्रोसेस अशा अर्थाने केलं आहे. कच्चा कोडेक आला तर मरायचं तिने. एक्सप्लोरर उभा राहतो. पण लोक मग ‘कॉम सरोगेट बंद पडलं’ अशी तक्रार करू लागले. पाटी बदलली, बोट पुन्हा पाटीकडेच.

ॲपलने २०१४मध्ये फाइंडरमध्ये भर घालणाऱ्यांना वेगळ्या, कुंपण घातलेल्या प्रोसेसमध्ये बसवण्याची सोय केली. लिनक्सवरच्या ग्नोमने २०१८मध्ये डेस्कटॉपवरची चित्रं सांभाळण्याचं काम फाइल मॅनेजरकडून काढून घेतलं. २०२१च्या विंडोज ११मध्ये राइट-क्लिकचा मेनू आखूड झाला आणि जुना मेनू एका ओळीआड गेला. एक्सप्लोररच्या आतच चालणाऱ्या पाहुण्यांमुळे त्याचा वेग आणि भरवसा कमी होतो, हे कारण मायक्रोसॉफ्टने उघडपणे दिलं. अनेकांना तो बदल आवडला नाही. जुनी बिऱ्हाडं हलवताना कुरबुर व्हायचीच.

दहा मिनिटांचं काम

आज कोणाचा फाइल मॅनेजर वारंवार बंद पडला की मी आधी एकच प्रश्न विचारतो : सगळीकडे, की एकाच ठिकाणी? एकाच फोल्डरमध्ये पडत असेल तर संशयित त्या फोल्डरमधली एखादी फाइल आणि तिला वाचणारा तुकडा. छोट्या प्रतिमा दाखवणं बंद करा, पुन्हा उघडा. फक्त राइट-क्लिकवर पडत असेल तर मेनूत घुसलेला कोणीतरी. कधीही, कुठेही पडत असेल तर अलीकडे काय नवीन बसवलं ते आठवा, आणि मग चाळणी. या सगळ्याच्याही आधी फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. दुसऱ्या प्रोग्रामच्या ‘उघडा’ खिडकीतून नको, कारण त्या खिडकीतही तीच बिऱ्हाडं येऊन बसतात. काळ्या पडद्यावरून काढा. तिथे चित्रं नाहीत, प्रतिमा नाहीत, पाहुणे नाहीत. डिस्कच खराब झाली असेल तर तेही तिथेच कळतं.

वडिलांचा संगणक एकाच फोल्डरवर अडत होता आणि त्या फोल्डरमध्ये चित्रफिती होत्या. खूण समोर होती, ती वाचणारं आमच्यात कोणी नव्हतं. काळा पडदा उघडून १९८१ सालची ती तीन अक्षरांची आज्ञा दिली असती, तर सगळ्या फाइलींची नावं ओळीने खाली उतरली असती. आत्याबाईंचीसुद्धा.